यात मुसलमान कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका अभ्यासिकेत मी एक जुना लघुपट दाखवला. भिंतीला पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर मागून आणला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वीस-बावीस मुलं-मुली होती, बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातली. लघुपट होता मकबूल फिदा हुसेन यांचा, ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’. साल १९६७. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला, काळा-पांढरा, वीस मिनिटांहूनही लहान. बुंदी, चितोड, जैसलमेर असा राजस्थानातला प्रवास आहे. यात गोष्ट नाही, हे हुसेन सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग छत्री दिसते, कंदील दिसतो, एक जोडा दिसतो. किल्ल्याच्या भिंती, जनावरं, माणसं येतात आणि जातात. पुढे निवेदन नाही, संगीत आहे.

संपल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, यात मुसलमान कुठे आहे?”

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. मी मास्तरकी उत्तर दिलं. हुसेन पंढरपूरचे, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून वर आले, याच लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं गोल्डन बेअर मिळालं, वगैरे. मुलानं मान हलवली, पण समाधान झालं नाही हे दिसत होतं. खरं उत्तर मला घरी जाताना सुचलं. मुसलमान कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. आपल्या पोरांना तिथे बघायची सवयच उरलेली नाही.

हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे. आणि भांडणही आहे. थोडं बाहेरच्यांशी, पण जास्त आपल्याशी.

पिंजरा तोच

सिनेमात मुसलमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात. एक देशासाठी छातीवर गोळी झेलणारा, दुसरा देश उडवायला निघालेला. दुसरा दिसला की आपल्या संघटना निवेदनं देतात, पत्रकार परिषदा घेतात. मागणी काय असते? चांगला मुसलमान दाखवा. म्हणजे पहिला दाखवा. आपण हे कधी नीट ऐकलंय का? आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढा, असं आपण म्हणत नाही. निर्दोष सोडा, एवढंच म्हणतो. साक्षीदार आपले असोत की त्यांचे, पिंजरा तोच राहतो.

आता हुसेन यांच्या लघुपटाकडे पुन्हा बघा. १९६५ चं युद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती. जैसलमेर हा पाकिस्तानला लागून असलेला जिल्हा. तिथे एक मुसलमान सरकारी पैशाचा कॅमेरा घेऊन जातो. आजचा एखादा वृत्तनिवेदक त्याला पहिला प्रश्न काय विचारेल, ते तुम्हाला पाठ आहे. हुसेन त्या प्रश्नाच्या वाटेलाच जात नाहीत. झेंडा दाखवत नाहीत, निष्ठेची ग्वाही देत नाहीत, सैनिकाशेजारी उभे राहत नाहीत. छत्री, कंदील आणि जोडा दाखवतात. आपल्या घराच्या अंगणात वावरावं तसे त्या मुलखात वावरतात. अंगणात वावरताना कुणी सातबारा खिशात घेऊन फिरत नाही.

आपण गमावलंय ते हेच. देशावर प्रेम असल्याचं सांगणारी घोषणा आपल्याला येते, ती आपल्याला शिकवलीच गेली आहे. पण देशाकडे निवांतपणे, बारकाईनं, हक्कानं बघणं आपण सोडून दिलं. माझा मुद्दा सरळ आहे. नागरिकत्वाचा एक भाग मताच्या पेटीत असतो, एक कागदपत्रांत असतो आणि एक डोळ्यांत असतो. तिसरा भाग कुणी काढून घेतला नाही. तो आपण स्वतःहून खाली ठेवला.

रस्ता सगळ्यांना सारखा नसतो

परदेशी सिनेमात रस्त्याच्या चित्रपटांची एक जुनी परंपरा आहे. नायक घर सोडतो, गाडी काढतो आणि मोकळा होतो. रस्ता म्हणजे स्वातंत्र्य. आपल्या घरातलं पोर प्रवासाला निघतं तेव्हा अम्मी काय विचारते? “डब्यात काय घेतलंयस?” हा प्रश्न भुकेचा नसतो.

२०१७ च्या एप्रिलमध्ये पेहलू खान जयपूरच्या बाजारातून गाई विकत घेऊन घरी निघाले होते. अलवर जिल्ह्यात बहरोडजवळ महामार्गावर जमावानं त्यांना मारलं. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत, आपल्याच पालघर जिल्ह्यात, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एका वृद्धाला डब्यातल्या मांसाच्या संशयावरून मारहाण झाली. लेकीकडे निघाले होते ते.

ही शेवटची घटना आपल्यापर्यंत कशी पोचली ते आठवा. रेल्वेच्या डब्यातच कुणाच्या तरी फोननं ती टिपली आणि ती फिरत फिरत आपल्या फोनवर आली. आपणही ती पुढे पाठवली, संतापानं, रडून. पण थोडं थांबून विचार करा. आज या देशात मुसलमानाच्या प्रवासाचं सर्वाधिक पाहिलं गेलेलं चित्रण कोणतं? हेच. आपल्या रस्त्याचा सिनेमा निघतोय, रोज निघतोय, फक्त कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे. त्यात आपण मार खाणारे आहोत किंवा हात जोडणारे. मुलुख तर त्यात दिसतच नाही. खिडकीबाहेर काय होतं, कसारा घाट होता की भाताची खाचरं होती, कुणाला ठाऊक?

हे आज सुरू झालेलं नाही. २५ सप्टेंबर १९९० ला सोमनाथहून एक रथ निघाला. रथ कसला, टोयोटाची सजवलेली मोटार होती. महिनाभर ती गावागावांतून फिरली आणि २३ ऑक्टोबरला बिहारमध्ये समस्तीपूरला अडवली गेली. यात्रेनं अयोध्या गाठली नाही, पण काम केलं. ज्या ज्या रस्त्यानं ती गेली त्या रस्त्याचा अर्थ तिनं बदलला. हा मुलुख कुणाचा आणि यात पाहुणे कोण, हे तिनं नकाशावर चाकानं लिहिलं. रस्ता हे राजकारणाचं साधन आहे, ही गोष्ट आपल्या विरोधकांना तेव्हाच कळली होती. आपल्याला अजून कळायची आहे.

त्याच काळात आनंद पटवर्धन यांनी ‘राम के नाम’ केला. त्यांनी रथातल्या माणसापेक्षा रस्त्याकडेच्या माणसाकडे कॅमेरा वळवला. त्यात पुजारी लालदास भेटतात, वादग्रस्त जागेतल्या मंदिरात न्यायालयानं नेमलेले पुजारी. मशिदीच्या जागेचं राजकारण करणाऱ्यांबद्दल ते इतकं स्वच्छ बोलतात की आजही अंगावर काटा येतो. १९९३ साली त्यांचा खून झाला. तो आवाज राहिला, कारण कुणीतरी त्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन गेलं होतं.

आठवण कशी शोधायची?

“म्हणजे तुम्ही म्हणता आम्ही अत्याचारांचे माहितीपट करावेत?” नाही. ते करणारे आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. मी वेगळ्या जातीच्या सिनेमाबद्दल बोलतेय. दोन उदाहरणं देते. दोन्ही बघा.

पहिलं इराणचं. जून १९९० मध्ये इराणच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी यांनी तीन वर्षांपूर्वी त्याच भागातल्या कोकेर गावात एक चित्रपट केला होता. त्यात काम केलेली मुलं जिवंत आहेत का, हे बघायला ते निघाले. पुढे या प्रवासावर त्यांनी १९९२ मध्ये ‘अँड लाइफ गोज ऑन’ हा चित्रपट केला. एक दिग्दर्शक आणि त्याचा लहान मुलगा जुन्या मोटारीतून चाललेत. रस्ते खचलेत, घरं पडलीत, लोक ढिगारे उपसतायत. मोटार थांबते, रस्ता विचारते, पुन्हा निघते. एके ठिकाणी एक माणूस अँटेना उभारतोय, कारण वर्ल्ड कपची मॅच आहे. घरची माणसं गेली असतानाही? हो, घरची माणसं गेली असतानाही. ती मुलं सापडली का? चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. शेवटी लांबून दिसते ती चढणीवरची मोटार. अडते, मागे घसरते, पुन्हा चढते.

संकटातल्या माणसाकडे बघण्याची ही रीत आपण शिकायला हवी. त्यात करुणा आहे, पण कीव नाही. अँटेना लावणाऱ्या त्या माणसाला कुणी बळी म्हणू शकत नाही. आपल्यावरचे बहुतेक चांगले हेतू असलेले माहितीपट इथेच चुकतात. आपल्या माणसाचं दुःख ते दाखवतात, त्याची अँटेना दाखवत नाहीत.

दुसरं उदाहरण पॅलेस्टाइन-इस्रायलचं. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं फाळणीचा ठराव केला, क्रमांक १८१. त्या ठरावात नकाशावर एक रेषा होती. युद्ध झालं आणि ती रेषा जमिनीवर कधी उतरलीच नाही. २००२ साली मिशेल ख्लेइफी हा पॅलेस्टिनी आणि एयाल सिवान हा इस्रायली, असे दोन दिग्दर्शक त्याच न झालेल्या रेषेवरून दक्षिणेकडून उत्तरेकडे निघाले. चित्रपटाचं नाव ‘रूट १८१’. साडेचार तासांचा आहे. वाटेत भेटेल त्याच्याशी ते बोलतात. शेतकरी, सैनिक, बांधकामावरचे मजूर, दुकानदार. इथे आधी कोणतं गाव होतं, असं ते पुन्हा पुन्हा विचारतात. काहींना आठवतं, काहींना आठवायचं नसतं, काहींना कुणी सांगितलेलंच नसतं. लोदमधला एक न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता १९४८ मध्ये तिथे काय झालं ते सांगतो. २००४ साली पॅरिसमधल्या एका महोत्सवात या चित्रपटाचा एक खेळ रद्द केला गेला. रस्त्यावरून जाऊन साधे प्रश्न विचारणं किती जणांना झोंबू शकतं, ते यावरून समजा.

इथे कुणीही घोषणा देत नाही. प्रश्न साधा आहे आणि तो रस्त्यावर विचारलाय. पाटी बदलली म्हणून आठवण बदलते का?

हा प्रश्न आपल्या दारात आलेलाच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. नावं बदलावीत की नाही यावर तुमचं-माझं मत काहीही असो, एसटीच्या पाट्या, मैलाचे दगड, दुकानांचे फलक बदलताना आपल्यापैकी कुणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं का? कंडक्टर कोणत्या नावानं हाक देतो, म्हातारी कोणत्या नावानं तिकीट मागते, आणि दोघं एकमेकांना कसे समजून घेतात, हे कुणी टिपलं? आपण फेसबुकवर भांडलो. पाट्या बदलून गेल्या.

सुंदर दिसणारा देश

इथे एक सावधगिरी. रस्त्यावर कॅमेरा नेला की सगळं आपोआप चांगलं होतं, असं नाही. १९६७ मध्येच, स्वातंत्र्याला वीस वर्षं झाली म्हणून, एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ केला. निवेदनाशिवाय, नुसत्या चित्रांतून आणि आवाजांतून देशभर फिरणारा तासाभराचा चित्रपट. सत्यजित राय यांना त्यातला श्रीमंती-गरिबीचा ढोबळ विरोध आवडला नव्हता. त्यांना आवडल्या त्या बारीकसारीक गोष्टी. तापल्या वाळूवरून चाललेला किडा, उभ्या सायकलवर पाय वर करणारा कुत्रा, वादकाच्या नाकाच्या टोकाला लोंबणारा घामाचा थेंब. अस्सल नजर होती ती. पण हेच सुखदेव आणीबाणीत सरकारच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांचा कॅमेराही. देशाकडे प्रेमानं बघणारा डोळा सत्तेच्या कामाला लागायला फार वेळ लागत नाही.

आज तर ते काम फुकटात होतंय. ड्रोन वर जातो, खाली किल्ला, मागे ढोल-ताशे, आणि तीस सेकंदांत महाराष्ट्र संपतो. त्या उंचीवरून माणूस दिसत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा मुजावर दिसत नाही, पाणी विकणारी बाई दिसत नाही, दर्ग्याला आणि देवळाला दोन्हीकडे फुलं पुरवणारा माळी दिसत नाही. आपल्यातली पोरंही हेच रील करतात, फक्त संगीत बदलतात. ते करू नका असं मी म्हणत नाही, हौस असते. पण त्याला देश बघणं म्हणू नका. देश बघायचा तर ड्रोन खाली उतरवावा लागतो आणि पायी चालावं लागतं. हे तरी महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. वारी म्हणजे दुसरं काय आहे? आणि ती वारी ज्या गावाला जाऊन टेकते, त्याच गावात हुसेन जन्मले होते.

आता आपल्याबद्दल

हुसेन यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं जातं. १९९६ पासून हिंदुत्ववादी संघटनांनी त्यांच्यामागे लागून खटले भरले. अहमदाबादेत त्यांची चित्रं जाळली, १९९८ मध्ये मुंबईत घरावर हल्ला केला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. भारताचा नकाशा स्त्रीच्या रूपात रंगवल्याबद्दलची प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये रद्द केली, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेले, दफनही तिकडेच झालं. ज्या माणसानं जैसलमेरचा जोडा आणि कंदील आपला मानला, त्याला पंढरपूरच्या मातीत जागा मिळाली नाही.

हे अर्धं आपण सांगतो. उरलेलं अर्धं २००४ चं आहे. त्या वर्षी हुसेन यांचा ‘मीनाक्षी’ आला. तीन शहरांचा चित्रपट: हैदराबाद, जैसलमेर, प्राग. सदतीस वर्षांनी ते पुन्हा त्याच वाळवंटात कॅमेरा घेऊन गेले होते. त्यातल्या एका कव्वालीत कुरआनातले शब्द वापरले म्हणून आपल्या काही उलेमांनी आणि संघटनांनी आक्षेप घेतला. काही दिवसांतच चित्रपट थिएटरांतून काढून घ्यावा लागला. कव्वालीत! जिथे शतकानुशतकं इश्क आणि इबादत एकाच चालीत गायलं जातं, तिथे.

एका बाजूच्या जमावानं त्यांना देशाबाहेर घालवलं, हे खरं. पण दुसऱ्या बाजूनं आपण त्यांना आपल्यातून आधीच घालवलं होतं. ते परदेशात होते तेव्हा आपल्या किती तंजीमांनी, किती अंजुमनांनी त्यांच्या परतीची मागणी केली? मोर्चा सोडा, एक ठराव? शुक्रवारी त्यांच्यासाठी कुणी दुआ मागितली? ते दाढीवाले होते पण ‘आपले’ नव्हते, कारण ते देवळं रंगवायचे, बायका रंगवायचे आणि अनवाणी फिरायचे. जे आपलं दुःख दाखवतात तेवढेच कलावंत आपले, बाकीचे परके. मग आपल्या पोरांना कॅमेऱ्याच्या मागचा मुसलमान दिसत नाही, यात त्या पोरांचा काय दोष?

आणखी एक गोष्ट. रस्त्यावर जमाव अडवतो त्याआधी आपल्या मुलींना उंबरठा अडवतो. त्या दिवशी अभ्यासिकेत नऊ मुली होत्या. एकटीनं जिल्ह्याबाहेर प्रवास केलेली त्यांत एकही नव्हती. कियारोस्तामींचा ‘टेन’ (२००२) हा अख्खा चित्रपट तेहरानमध्ये एका बाईच्या मोटारीत घडतो. ती चालवते, माणसं बसतात-उतरतात, दहा संभाषणं होतात. पहिल्यातच तिचा लहान मुलगा तिच्या तलाकावरून तिच्याशी कडाकडा भांडतो. डॅशबोर्डवर छोटे डिजिटल कॅमेरे, बस्स. बंदी घालणाऱ्या सरकारच्या राजधानीत हे होऊ शकतं. आपल्या घरात मुलीला स्कूटीवरून बाजारपेठेच्या पुढे जायचं तर भाऊ मागे बसतो. मग “आमच्या बायकांचं चित्रण चुकीचं होतं” म्हणून आपण कुणाकडे तक्रार करायची?

आक्षेप, आणि उत्तरं

“घरं बुलडोझरखाली जातायत आणि तुम्हाला प्रायोगिक सिनेमा सुचतोय?” हो. घर पाडायच्या आधी ते घर कुठल्या मुलखात, कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या शेजारी उभं होतं याची नोंद लागते. ती नसली की अतिक्रमण हा एकच शब्द उरतो. नोंदीचा सिनेमा हे वकिलाच्या कामाला पर्याय नाही, पण वकिलालाही ती लागते.

“तस्वीर हराम आहे.” आधार कार्डावर तस्वीर आहे, हजच्या पासपोर्टवर आहे, निकाहच्या व्हिडिओत मौलाना स्वतः आहेत. हा वाद आपण रोजच्या वागण्यात कधीच निकालात काढलाय. तो फक्त कला आली की उकरला जातो.

“गोष्ट नाही, गाणं नाही, कोण बघणार?” कदाचित वीस जण. त्या अभ्यासिकेतही वीसच होते, आणि त्यांतल्या एकानं विचारलेल्या प्रश्नानं मला हा लेख लिहायला लावला.

“आपल्याकडे साधनं कुठायत?” हे मालेगावच्या माणसाला सांगून बघा. यंत्रमागाच्या त्या गावात पोरांनी लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला, सुपरमॅनही उडवला. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आता तर त्या पोरांवर हिंदी चित्रपटही आला. साधनांचा प्रश्न मालेगावनं २५ वर्षांपूर्वी सोडवला. पण त्यांनी मुंबईची नक्कल केली, गमतीनं आणि प्रेमानं. गावाशेजारून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग, गिरणा नदी, रात्रपाळीहून परतणारे कामगार, हे सगळं त्या कॅमेऱ्याची वाट बघत राहिलं. पुढचं पाऊल तेच आहे.

“भीती वाटते.” हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. भीती खरी आहे. इराणमध्ये जाफर पनाही यांच्यावर २०१० मध्ये चित्रपट करायला वीस वर्षांची बंदी घातली गेली. त्यांनी टॅक्सी चालवायला घेतली, पुढे छोटे कॅमेरे लावले आणि प्रवाशांसोबत ‘टॅक्सी’ केला. २०१५ ला त्याला बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. तुम्ही पनाही व्हा असं मी म्हणत नाही. एकट्यानं जाऊ नका, विचारून चित्रण करा, कुणी नको म्हटलं तर फोन खिशात ठेवा. पण भीतीपोटी बघणं सोडू नका.

तर काय करायचं?

मोठं काही नाही. तुमच्या गावाहून सुटणारी एक एसटी निवडा. लांब पल्ल्याची नको, मुक्कामी गाडी बरी. चिपळूणची असेल, परभणीची असेल, मिरजेची असेल. दोघं-तिघं, मुलंही आणि मुलीही, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. पंधरा मिनिटांचा चित्रपट करा. काही अटी घाला स्वतःला. ड्रोन नाही. पार्श्वसंगीत नाही, गाडीचा आवाज पुरे. निवेदन नाही. ‘मुसलमान’ आणि ‘देश’ हे दोन शब्द आपल्या तोंडून नाहीत, समोरच्याच्या तोंडून आले तर येऊ द्या. एकच प्रश्न विचारा: इथे आधी काय होतं? विहीर होती, तकिया होता, चिंचेचं झाड होतं, जिनिंग होती. सांगणारा महादू असेल, मेहमूद असेल, दोघांनाही तेवढाच वेळ द्या. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला बसतील, तिथे थांबा. आणि चित्रपटाच्या दोन प्रती ठेवा. एक तुमच्याकडे, एक गावच्या वाचनालयात.

अशा पन्नास फिल्म झाल्या तर काय होईल? सरकार बदलणार नाही. निवेदकाचं तोंड बंद होणार नाही. पण पन्नास रस्ते असे असतील जे आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की तुम्ही कुठले, तर आपण खिशातून कागद काढणार नाही. कोणत्या वळणावर गाडी हळू होते ते सांगू.

अभ्यासिकेतला तो मुलगा मध्यंतरी बस स्टँडवर भेटला. त्याची परीक्षा पुढे ढकलली गेली होती. मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय. तो म्हणाला, “कोणता प्रश्न?” विसरला होता. गाडी लागली, तो चढला आणि खिडकीची जागा मिळते का ते बघायला मागे गेला.